पडवीची मोकळी गाठ

फार जुनी गोष्ट. वैशाख महिना होता, आणि सूर्य उगवून बरोबर चार घटका झाल्या होत्या, तेव्हा हे सगळं सुरू झालं.

समुद्राच्या काठी एक गाव होतं. तिथे दर चार-दोन वर्षांनी मोठं वादळ यायचं. म्हणून तिथली घरं बुटकी, उंडीच्या झाडांच्या आड, आणि छपरं चारी बाजूंना उतरती.

त्या सकाळी गावात छपरं घालणारे धर्मानाना भागीच्या घराचं छप्पर शाकारत होते. घराचा एकेक वासा त्यांनी काथ्याच्या जाड दोरीने खांबाला आवळला. पडवीचं छप्पर मात्र वीतभर अंतर सोडून, वेगळ्या खांबांवर, बारीक सुतळीने नुसतं अडकवलं.

भागी खालून बघत होती. कडेवर पाच महिन्यांची मुलगी. पहिलंच मूल, त्यामुळे भागीला सगळ्याचीच काळजी वाटायची.

"नाना, पडवी सैल राहिली की! वाऱ्याने उडेल ना!"

"उडेल तर उडेल. तू पोरीला धर, पडवीला कशाला धरतेस?"

सासू हसून म्हणाली, "नाना, हिचं चाललं तर ही समुद्रालासुद्धा खुंटीला बांधून ठेवील!"

पण पोरीचा पाळणा पडवीतच असायचा, त्यामुळे भागीच्या मनातून काही भीती जाईना. नाना गेल्यावर ती उखळीवर चढली, आणि उरलेल्या जाड दोरीने तिने पडवीचे चार वासे घराच्या वाशांना गच्च बांधून टाकले. कुणाला बोलली नाही. तेव्हा कुठे तिच्या जिवाला बरं वाटलं.

पंधरा दिवसांनी भर दुपारी वादळ आलं. नवरा होड्या वर ओढायला गेला होता. घरात सासू, सून आणि तान्ही पोर, पाळणाही आत घेतलेला. वारा पडवीच्या छपराखाली शिरला आणि त्याने पडवी उचलली. तिच्याबरोबर घराचं छप्परही उठायला लागलं. भिंत आणि छपराच्या मधल्या फटीतून उजेड दिसला.

सासू ओरडली, "अगं बाई, नानांची गाठ कशी सुटतेय?"

"आत्याबाई, मी... मीच पडवी घराला बांधलीय!"

सासूने पोर आपल्याकडे घेतली आणि सुनेच्या हातात कोयता दिला. "रड नंतर. आधी तोड!"

भागी दारात उखळीवर चढली. एक दोरी तोडली, दुसरी तोडली, तिसरी. डोळ्यांत वाळू जात होती. चौथी तुटली तशी पडवी उंडीच्या झाडांवरून उडून गेली, आणि घराचं छप्पर धप्पकन खाली बसलं. पोर रडत होती, पण धड होती.

दुसऱ्या दिवशी नाना आले. भागीने सगळं खरं सांगून टाकलं.

नाना म्हणाले, "पडवीला भिंती नाहीत, ती तिन्ही बाजूंनी उघडी. वारा आधी तिलाच धरणार. ती सुटली की घर राहतं. पडवी काय, दोन दिवसांत नवी घालू."

"मग नाना, हे तेव्हाच का नाही सांगितलंत?"

नाना खाली बघत म्हणाले, "मला वाटलं, सगळ्यांना ठाऊक असतं. चुकलंच माझं. आणि तूही विचारलं नाहीस."

बोध एवढाच: जे राखायचं त्याची गाठ पक्की असावी, जे सोडायचं त्याची मोकळी, आणि कोणती गाठ कशासाठी, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असावं.

तेव्हा बायांनो, तुमच्या शेजारी कुणी नवं घर बांधत असेल, तर त्यांना ठाऊक असेल असं धरून चालू नका. कोणती गाठ पक्की, कोणती मोकळी, हे आजच जाऊन सांगा.