जहागीरदारांच्या डावातला फितूर

आंबेवडीचे जहागीरदार रंगोजीराव तीन पत्ती खेळायला बसले, की त्यांचं एकच दुखणं. हातात हलके पत्ते आले, की पाहुणे चढाओढीनं बाजी लावायचे. भारी पत्ते आले, की पहिल्याच फेरीत सगळे पत्ते टाकून मोकळे.

एका दुपारी तीन बादशहा असेच वाया गेले आणि सरकार पाठीमागे पंखा हलवणाऱ्या भिवावर उखडले. "माझे पत्ते तूच बघतोस आणि तूच यांना खुणावतोस. फितुराची मिशी मी इथंच भादरणार."

"भादरा, सरकार," भिवा म्हणाला. "पण आधी मला अंगणात पाठवा आणि चार डाव खेळा."

भिवा अंगणात गेला. तीन डाव रंगले. चौथ्याला सरकारांना तीन एक्के आले आणि पाहुण्यांनी मुकाट्यानं पत्ते खाली ठेवले.

"आता कोणी सांगितलं?" सरकार गरजले.

खिडकीबाहेरून भिवा अदबीनं म्हणाला, "फितूर आत्ता आपल्याच चिमटीत आहे, सरकार. भारी पत्ते आले, की आपण त्याला पीळ देता. न्हाव्याला बोलावू?"

सरकारांनी मिशीवरचा हात झटकन खाली घेतला आणि ते पोट धरून हसले.

तेव्हापासून एक्के आले, की सरकार पडेल चेहऱ्यानं भिवाकडे पाणी मागायचे, आणि पाहुणे खुशाल बाजी वाढवायचे.