धुंडीभटांचं पाणी

फार वर्षांपूर्वी, आपल्या कातळवाडीत घड्याळ म्हणून कुणी पाहिलं नव्हतं, तेव्हा गावाचं सगळं आभाळ धुंडीभट जोशांच्या ओसरीवर राहायचं. पेरा कधी, लग्न कधी, ग्रहण कधी, ते सांगायचे आणि गाव डोळे मिटून ऐकायचं. आजोबांनी घालून दिलेली गणितं त्यांना तोंडपाठ होती. ती चुकतील असं त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

एका वैशाखात त्यांनी सांगितलं, अवसेला भरदुपारी सूर्य पुरता झाकणार. झालं! सकाळीच चुली विझल्या. जोशी ‘सुटलं’ म्हणेपर्यंत पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही, ही तेव्हाची रीत. धुंडीभटांची लेक येसू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. तिलाही त्यांनीच काळोख्या खोलीत बसवलं.

दुपार झाली, सूर्य आपला लख्ख! दुपार कलली तरी तसाच. आता बघा पंचाईत, जे लागलंच नाही ते सुटणार कधी? पोरं रडून रडून दमली आणि सगळं गाव धुंडीभटांच्या तोंडाकडे बघत बसलं. इतक्यात त्यांची बायको गोदूबाई आतून धावत आली.

“अहो, पोरीची शुद्ध हरपतेय. काहीतरी बोला!”

गावचे खोत हळूच कानाशी लागले, “भटजी, जरासं लागलं होतं, सुटलं म्हणा. कोण विचारतंय? तुमचं नाव राहील.”

तो शब्द धुंडीभटांच्या ओठांपर्यंत आला होता, असं म्हणतात. आजोबांची अब्रू होती ना त्यात! पण तसं म्हटलं, तर हेच गणित पुढच्या खेपेला आणखी कुणाच्या लेकीला कोंडणार. ते उठले. येसूला धरून भर उन्हात अंगणात आणलं आणि सगळ्यांदेखत पाण्याचा तांब्या तिच्या ओठांना लावला.

“ग्रहण नाहीच. सूर्याचं बरोबर आहे, माझं चुकलं. पी गं बाळे,” म्हणाले, आणि ढसाढसा रडले.

येसू वाचली. पण गाव हसलं, कितीकांनी मुहूर्त विचारणंही सोडलं. धुंडीभटांनी मग अंगणात काठी रोवली आणि तिच्या सावलीवरून जन्मभर नवी गणितं मांडली. ते जेवायला उठले की सावली त्यांच्यासाठी थांबायची, असं म्हणतात. म्हातारपणी त्यांनी सांगितलेलं ग्रहण अगदी वेळेवर लागलं. त्या दिवशी पाखरंसुद्धा त्यांचं ऐकून आधीच घरट्यात जाऊन बसली होती, असंही म्हणतात. तरी जाताना ते नव्या जोशाला बजावून गेले, “माझंही तपासून घे रे बाबा.”

काय माणसं होती! आता ते अंगण नाही, तिथून डांबरी रस्ता गेलाय, आणि ग्रहणाची वेळ मोबाइलवर कळते. पण ग्रहण लागलं की कातळवाडीत अजूनही घरातला सगळ्यात मोठा पुरुष स्वतः तांब्या भरून आणतो, गरोदर लेकीसुनेसमोर धरतो आणि सगळ्यांदेखत म्हणतो, “आमचं चुकत असेल गं. तू पी.”