निशाणावरचं जनावर

"निशाणावर काढलाय, तोच प्राणी दसऱ्याला पिंजऱ्यात दिसला पाहिजे. नाही दिसला, तर वाघाच्या पिंजऱ्यात तू!"

राजे रणझुंजाररावांचा हा हुकूम ऐकून दस्तगीरच्या हातातली साखळी गळून पडली. दस्तगीर शिकारखान्यातला चित्तेवान. राजांचे शिकारी चित्ते सांभाळायचा. राजांचं नाव रणझुंजार खरं, पण झुंज त्यांनी फक्त बोकडांची पाहिलेली, तीही माडीवरून. त्यांच्या नव्या निशाणावरच्या जनावराला सिंहाची आयाळ होती, वाघाचे पट्टे होते आणि गालांवर चित्त्याच्या काळ्या रेघा होत्या. "एकच कशाला, सरकार? तिन्ही घ्या," हा सल्ला दिवाणजींचा. दिवाणजींनी जन्मात मांजर तेवढं जवळून पाहिलेलं.

घरी दस्तगीरची लेक हुरमत चित्त्याच्या डोळ्यांवर बांधायची टोपी शिवत होती. सगळं ऐकून तिनं दोरा दातानं तोडला.

"अब्बा, जेवून घ्या. राजे नि दिवाणजी, दोघांना त्या तिघांतलं एकही जनावर ठाऊक नाही. मला तेवढं पुरे."

दसऱ्याला दरबार भरला. लाल कापड घातलेला पिंजरा आला. राजांनी मिशीला पीळ देत कापड ओढलं. आत गवताची काडीसुद्धा नव्हती.

"दस्तगीर, चल वाघाकडे," राजे गरजले.

"अब्बांना खुशाल न्या सरकार, पण जनावर कुठं गेलं ते ऐकून घ्या," हुरमत पुढे झाली. "सकाळपर्यंत इथंच होतं. पण मेल्याचं स्वतःशीच पटेना. मांस टाकलं, तर त्यातला सिंह लोळतच राहिला. म्हणे, शिकार बायका आणतील, आणली की पहिला घास माझा."

दरबारातल्या बऱ्याच जणांनी माना खाली घातल्या.

"त्यातला वाघ भडकला. वाघाला आपल्या रानात दुसरा खपत नाही, इथं तर कातडीतच दुसरा! रागारागानं हौदात जाऊन बसतो म्हणाला. मी दार उघडलं. पाण्यात पाय घातला न घातला, तोच आयाळ भिजेल म्हणून सिंहानं डरकाळी फोडली."

"मग चित्ता?" राजे पुढे सरकले.

"चित्त्याला डरकाळीच फुटत नाही, सरकार. मांजरासारखा घुरघुरतो बिचारा. मोठं जनावर दिसलं, की मारलेलं हरीणही टाकून पळतो. आणि इथं डरकाळी आली ती त्याच्याच तोंडातून. सुटला!"

दिवाणजी फिस्सकन हसले. "खोटारडी पोर! तुझा बापच सांगत असतो, चित्ता लांब पळतच नाही. चार-पाचशे पावलांत त्याला दम लागतो."

"अगदी बरोबर, दिवाणजी. दम लागला की थांबतो. धाप टाकायला तोंड उघडतो. आणि तोंड उघडलं की पुन्हा आतला सिंह ओरडतो. तेव्हापासून पळतोच आहे."

राजे आधी खोकले, मग असे हसले की पागोटं मांडीवर आलं.

"दस्तगीर, तू घरी जा. दिवाणजी, जनावर तुमच्याच सल्ल्यातलं. पिंजरा घ्या आणि पकडून आणा. चालतच जा, घोडी पाहून ते आणखी पळेल. तुम्ही परत येईपर्यंत तुमची पांढरी घोडी हुरमतकडे राहील."

त्या घोडीला आता तिसरं शिंगरू झालंय.