वितीला सात पीळ

फार जुन्या काळची गोष्ट. तेव्हा नद्यांवर पूल नव्हते, आणि राज्यात काय चाललंय ते पाहायला राजे स्वतः घोड्यावरून हिंडत. ही गोष्ट लहानांनी ऐकावी आणि मोठ्यांनीही ऐकावी. कारण हिच्यातली बाई चांगली मोठी, जाणती होती, तरी तिला जे कळायचं ते बऱ्याच उशिरा कळलं.

एका रुंद नदीच्या काठी बाजाराचं एक गाव होतं. त्या गावात सटवाजी नावाचा दोर वळणारा राहत असे. त्याची बायको म्हाळसा आणि एकुलती एक मुलगी भागू. घराला लागून एक लांबच लांब छप्पर होतं आणि छपराच्या तोंडाशी लहानसं दुकान. अंबाडीचा वाख भिजवायचा, सुकवायचा, विंचरायचा, आणि त्याचे दोर वळायचे, हा त्यांचा धंदा. म्हाळसा एका टोकाला बसून चाक फिरवी. सटवाजी पेड हातात धरून उलट्या पावलांनी मागं मागं जाई. भागू मधे उभी राहून पेड सारखे करी. असा दिवसभर तिघांचा मिळून एक दोर होई.

सटवाजीचा माल चोख होता. विहिरीचे जाड सोल म्हणू नका, बैलांचे कासरे म्हणू नका, गुरांची दावी म्हणू नका, त्याच्या हातचा दोर एकदा नेला की माणूस पाच-सहा वर्षं पुन्हा दुकानाची पायरी चढत नसे. यावर तो हसून म्हणे की गिऱ्हाईक परत आलं नाही म्हणजे आपलं काम बरं चाललंय. कुणा म्हातारीच्या विहिरीचा दोर झिजला की हा आपण होऊन जाई आणि जोडून देई. दिवस मावळला की मात्र छपराला कवाड लागे. मग दारात कितीही मोठा सावकार उभा असो, सटवाजी त्याला उद्या यायला सांगे आणि भागूची वेणी घालायला बसे. आईपेक्षा बापाच्या हातची वेणी जास्त घट्ट बसते, असं भागू साऱ्या आळीला सांगत असे.

या सगळ्याबद्दल म्हाळसेची तक्रार नव्हती. तिची तक्रार एकाच गोष्टीबद्दल होती. सटवाजी आपलं कसब मागेल त्याला शिकवत असे.

कुठल्याही गावचा, कुठल्याही जातीचा माणूस यावा, छपरात बसावं, आणि वर्ष-दोन वर्षांत दोर वळायला शिकून जावं. शिकवण्याबद्दल सटवाजी काही घेत नसे. उलट दोन वेळचं जेवण म्हाळसेलाच वाढावं लागे. असे सात जण शिकून गेले आणि नदीच्या याच काठानं वर-खाली सात दुकानं उभी राहिली. सातवा राणोजी. त्यानं तर कमाल केली. त्यानं याच गावात, यांच्या समोरच, रस्त्यापलीकडे दुकान थाटलं.

त्या दिवशी म्हाळसेच्या रागाला पारावार राहिला नाही. ती म्हणाली, "अहो, आपल्या ताटातला घास तुम्ही आपण होऊन दुसऱ्याच्या ताटात वाढलात. उद्या आपण काय खायचं?"

सटवाजी म्हणाला, "या मुलखात विहिरी किती आहेत, मोज बरं. एवढ्या विहिरींचं पाणी एकट्या माझ्या दोरानं कसं वर येईल?"

म्हाळसेला ते पटलं नाही. त्या दिवसापासून तिनं राणोजीशी बोलणं टाकलं. तो 'वैनी' म्हणून हाक मारी, ती मान फिरवी.

पुढं एका हिवाळ्यात सटवाजीला ताप भरला आणि आठ दिवसांत तो गेला. गावानं चूल पेटवली नाही. सातही दुकानं बंद राहिली. तेरावं झाल्यावर राणोजी दारात आला आणि खाली मान घालून म्हणाला, की चाक फिरवायला माणूस लागेल, मी रोज अर्धा दिवस येत जाईन. म्हाळसेनं त्याच्या तोंडावर कवाड लावलं. तिनं भागूला बजावून सांगितलं की आजपासून या छपरात परक्या माणसाचं पाऊल पडता कामा नये, आपल्या घरची विद्या आपल्या घरातच राहील.

मायलेकी दोघीच दोर वळू लागल्या. दोघींच्यानं कितीसं होणार? दुकानातला माल हळूहळू कमी झाला. लोक सटवाजीची आठवण काढायला येत आणि म्हाळसेचा चेहरा पाहून लवकर उठत. तिला वाटे, नवऱ्यानं सारं आयुष्य वाटून टाकलं, मागं आपल्यासाठी काही ठेवलं नाही.

असे दहा महिने गेले. त्या गावासमोर, नदीच्या मधोमध एक बेट होतं. बेटावर देवीचं देऊळ. पाऊस सरत आला की तिथं एक दिवसाची जत्रा भरे. त्या वर्षी भागूही गुरांची दावी विकायला पहाटेच्या नावेनं बेटावर गेली. आकाश निरभ्र होतं. पण वर घाटात आदल्या दिवशी हत्तीचा, म्हणजे हस्त नक्षत्राचा, पाऊस कोसळला होता, आणि ते पाणी उन्हं वर येता येता गावापाशी पोचलं.

नदी बघता बघता लाल झाली. बेटाला बांधलेल्या दोन नावा खुंट्यांसकट वाहून गेल्या. चाळीसेक माणसं बेटावर अडकली. अलीकडच्या काठावर एक मोठी नाव तेवढी उरली होती, पण त्या ओढीत वल्ह्याचं काही चालण्यासारखं नव्हतं.

म्हातारा नावाडी पाण्याकडे पाहून म्हणाला, की एकच मार्ग आहे. या काठच्या चिंचेपासून बेटावरच्या पिंपळापर्यंत जाड दोर ताणायचा, नावेची लोखंडी कडी त्यात अडकवायची आणि दोर ओढत ओढत नाव न्यायची. पण दोर सहाशे हात लांब हवा आणि त्याला मधे गाठ नको, कारण गाठ आली की कडी अडते, आणि कडी अडली की नाव उलटते.

जवळच्या किल्ल्याच्या किल्लेदारानं कोठारातले सगळे दोर गाड्या भरून पाठवले. ते दहा मुलखांतून आणलेले होते. कुणी उजवा पीळ दिलेला, कुणी डावा, कुणी सैल, कुणी घट्ट. लोकांनी ते पेडात पेड गुंफून जोडले आणि ताणून पाहायला बैलांच्या चार जोड्या जुंपल्या. बैलांनी दोन पावलं टाकली आणि दोर सांध्यासांध्यातून उलगडला.

दुपार झाली. बेटावरची माणसं आता देवळाच्या ओट्यावर चढली होती. इतक्या लांबून चेहरे दिसत नव्हते. पण एक हिरवं लुगडं दिसत होतं, आणि ते कुणाचं हे म्हाळसेला ठाऊक होतं.

तिनं खाली वाकून किल्ल्यावरच्या दोराचं सुटलेलं टोक उचललं आणि सवयीनं त्यावर वीत ठेवली. पाच पीळ भरले. दुसऱ्या टोकावर ठेवली, तिथं नऊ. दोघांचा मेळ बसणारच कसा? तिच्या घरचा दोर म्हणजे तीन पेड, उजवा पीळ आणि वितीला सात. सटवाजी प्रत्येक शिकणाऱ्याला पहिल्या दिवशी हेच सांगे, आणि शेवटच्या दिवशी हेच मोजून पाही. पण तिच्या घरात मोजून साठ हात दोर शिल्लक होता.

तेव्हा म्हाळसा उठली आणि जिच्याकडे ती तीन वर्षं पाठ करून बसली होती ती पायरी चढली. राणोजी दुकानातला सगळा दोर बाहेर काढून उभाच होता. कुणी बोलवायची तो वाट पाहत होता. म्हाळसा खाली बसली आणि तिनं त्याच्या दोरावर वीत ठेवली. सात. हात सरकवून पुन्हा ठेवली. सात. जणू घरातल्याच माणसानं वळलेला दोर.

ती म्हणाली, "भावजी, बाकीच्या सहा जणांकडे घोडेस्वार धाडा. म्हणावं, दुकानात असेल तेवढा जाड दोर घेऊन या."

राणोजी म्हणाला, "वैनी, ते मघाशीच धाडलेत. फक्त जोडायला तुमचा हात हवा होता."

मग काय विचारता! तासाभरात काठाच्या वरच्या आणि खालच्या अंगानं गाड्या येऊ लागल्या. जवळच्या दुकानदारांनी दुकानं रिकामी केली. लांबच्यांनी वाटेतल्या मळ्यांमधल्या मोटांचे जाड नाडे सोडवून आणले, कारण तेही त्यांनीच वळलेले होते. म्हाळसा चिंचेखाली बसली आणि तिच्याभोवती ते सात जण बसले. एकाच्या दोराचे पेड दुसऱ्याच्या दोरात शिरू लागले आणि कुठलाही सांधा हाताला लागेनासा झाला. बैलांच्या चार जोड्यांनी तो ताणला. दोर कण्हला, पण सुटला नाही.

आता तो पलीकडे न्यायचा कसा? त्यासाठी आधी बारीक दोरी हवी होती. गावातल्या बाया घरोघर गेल्या आणि त्यांनी पाळण्यांच्या दोऱ्या सोडून आणल्या. त्या गावात कुणाच्या घरी मूल जन्मलं की सटवाजी पाळण्याची दोरी वळून स्वतः नेऊन देत असे आणि तिचं काही घेत नसे. अशी एक दोरी प्रत्येक घरात होती. त्या जोडून, टोकाला वाळके भोपळे बांधून, नावाड्यानं वरच्या अंगाला, नदीच्या वळणावरून त्या पाण्यात सोडल्या. दोनदा भोपळे बेट चुकवून निघून गेले आणि ओढून परत आणावे लागले. तिसऱ्या वेळी ते बेटाच्या टोकाजवळून जाऊ लागले, तेव्हा हिरवं लुगडं नेसलेली मुलगी कमरेइतक्या पाण्यात उतरली. मागून चार जणांनी तिला धरलं होतं. तिनं दोरी पकडली.

बारीक दोरीमागून जाड दोर बेटावर गेला. भागूनं तो पिंपळाला तीन वेढे देऊन बांधला, बापानं शिकवला होता तसा. नाव निघाली. कडी आठही दुकानांच्या दोरांवरून सरकत गेली आणि कुठं अडली नाही. पहिल्या खेपेला लेकुरवाळ्या आणि म्हातारी माणसं आली. सूर्य मावळायच्या आत चार खेपा झाल्या. शेवटच्या खेपेला देवळाचा पुजारी आणि भागू आली. बेटावर तेव्हा गुडघाभर पाणी होतं, आणि मागं एकही माणूस उरलं नव्हतं.

काठावर ढोल वाजू लागले. राजाही तोवर घोडा दामटत येऊन पोचला होता. त्यानं ताणलेल्या दोरावर हात ठेवला, थोडं अंतर चालत गेला आणि म्हणाला, की माझ्या कोठारातले दोर सुटले आणि हा टिकला, तर हा कुणाच्या दुकानचा?

किल्लेदारानं सांगितलं की आठ दुकानांचा आहे. राजाला ते खरं वाटेना. आठ दुकानांचा दोर असा एकजीव कसा होईल? तो वळणारा माणूस एकच असला पाहिजे, त्याचं नाव सांगा, असं तो म्हणाला.

सातही जण म्हाळसेकडे पाहू लागले. आता त्या काळी बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. एवढ्या वर्षांच्या संसारात तिनंही ते कधी उच्चारलं नव्हतं. लोकांना वाटलं, ती राणोजीला खूण करील आणि तो सांगेल. पण म्हाळसा उभी राहिली, तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि साऱ्या काठाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "महाराज, या सगळ्या हातांना सटवाजीनं शिकवलं. सटवाजी दोरवाला. माझा धनी."

बेटावरून आलेल्या एका म्हातारीनं ते नाव घेतलं, तिच्यामागून दुसऱ्या कुणी घेतलं, आणि बघता बघता सगळा काठ ते नाव घेऊ लागला. म्हाळसा भागूला पोटाशी धरून उभी होती. तिचे डोळे वाहत होते, पण मान ताठ होती.

राजानं तिला सोन्याचं कडं देऊ केलं. तिनं ते नम्रपणे परत केलं आणि एवढंच मागितलं की हा दोर इथंच ताणलेला राहू द्यावा. राजानं ते मान्य केलं. त्या ठिकाणाला लोक 'सटवाजीचा उतार' म्हणू लागले. दर वर्षी पावसाआधी आठही दुकानांची माणसं जमत आणि जुना दोर काढून नवा बांधत. आणि म्हाळसेनं दुसऱ्याच दिवशी छपराचं कवाड सताड उघडलं, राणोजीच्या घरच्यांना जेवायला बोलावलं आणि येईल त्याला शिकवायला सुरुवात केली. पुढच्या दहा वर्षांत त्या नदीकाठी आणखी अकरा दुकानं उभी राहिली, आणि कुणाचीही विहीर दोरावाचून राहिली नाही.

म्हणून सांगतो: लपवून ठेवलेलं कसब माणसाबरोबर जातं, वाटलेलं कसब त्याच्या मागं उभं राहतं.