बहिरा केलेला राक्षस

"मग चूक माझी कशी, स्वामी?"

शर्विल केव्हाचा हेच विचारत होता. मठाच्या ओवरीत केशवस्वामी शेंगा सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

संताप येण्यासारखंच घडलं होतं म्हणा. नदीकाठच्या या मठात सुट्टीला तरुण मंडळी जमत आणि सोंगांचा डाव मांडत. कोणी चोराचं सोंग घेई, कोणी वैदूचं. एक जण सूत्रधार होऊन गोष्ट चालवी, आणि फासे पडतील तसं ज्याचं त्याचं नशीब. एका बैठकीत गोष्ट सुरू, त्याच बैठकीत संपली. हा नाद स्वामींनीच लावलेला. शर्विल त्यांचा सगळ्यांत हुशार चेला, आणि हे त्याला कोणी सांगावं लागत नव्हतं.

या खेपेला त्याने आठवडाभर खपून किल्ला रचला होता. नकाशे, भुयार, आणि शेवटी राक्षसाशी घनघोर लढाई. आणि इरावतीने काय करावं? तलवार खाली ठेवली आणि राक्षसाला विचारलं, "इथे एकटाच राहतोस का रे?"

शर्विलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लढाई तयार होती, गप्पा तयार नव्हत्या. राक्षस बहिरा आहे, असं त्याने ठणकावून सांगितलं. इरावती हातवारे करू लागली. तेव्हा राक्षस आंधळाही झाला.

मग बाकीच्या तिघांनी फासे खाली ठेवले.

इरावती शाळेपासूनची मैत्रीण. "तुझं तूच खेळ," एवढंच म्हणाली आणि उठली. आता चौघंही पाठीला सॅक लावून नदीच्या वाटेने एसटी गाठायला निघाली होती. ती परत यायची नव्हती. डाव तर मोडलाच होता, पण इतक्या वर्षांची मैत्रीही त्या वाटेने चालली होती, आणि हे कळूनही शर्विल जागचा हलत नव्हता. तोऱ्याला पाय नसतात.

"तुम्ही त्यांना थांबवा," तो म्हणाला. "सूत्रधाराचं ऐकायचं असतं, म्हणून सांगा."

"का ऐकायचं?"

"कारण तिथे माझं राज्य असतं."

स्वामींनी हातातली शेंग सुपात टाकली.

त्यांनाही राग येतो, हे मठात फार थोड्यांना ठाऊक होतं. त्यांनी सूप बाजूला सारलं, छाटी कमरेला खोचली, शर्विलच्या मागे गेले आणि त्याच्या पाठीत असा रट्टा घातला की तो ओवरीच्या पायरीवरून थेट अंगणात आला.

"धप्पा," ते म्हणाले.

शर्विलच्या डोळ्यांत पाणी आलं, मारापेक्षा अपमानाने. लपंडाव खेळायला मी काय शेंबडं पोर आहे का, इतके कष्ट उपसले त्याचं हेच फळ का, असं तो वाटेल ते बोलत सुटला. बोलता बोलता आवाज चिरकला. स्वामींनी सगळं ऐकून घेतलं. तिकडे वाटेवर ती चौघं लहान लहान होत चालली होती.

"झालं बोलून?"

शर्विलने बाहीने डोळे पुसले.

"धप्पा बसला की काय होतं?"

"राज्य येतं," शर्विल दात खात म्हणाला.

"कोणावर?"

शर्विलने वाटेकडे पाहिलं. इरावती वळणाशी पोचली होती.

"...माझ्यावर."

"मग ती निघाली पळून, आणि तू उभा कसा?"