जन्माची कट्टी

लांब, लांब, जिथं मोरसुद्धा वाट विचारत विचारत जातात, तिथल्या हिरव्यागार रानाच्या कडेला सुगी नावाची इवलीशी मुलगी राहायची. तिचे आबा टोपल्या विणायचे. घर म्हणजे चार कुडाच्या भिंती, आणि त्या घराला दारच नव्हतं! दाराच्या जागी फाटकी चटई लटकायची. संध्याकाळी कोल्होबा ती नाकानं बाजूला सारून खुशाल आत डोकवायचा, आणि सुगी आबांना घट्ट बिलगायची. गावातली मुलं तिला "बिनदाराची" म्हणून चिडवत. चिडवत नसे ती फक्त केतकी. ती सुगीची मैत्रीण होती, एकुलती एक.

एका दुपारी खेळता खेळता दोघी रानात फार आत गेल्या, आणि बघतात तर काय, बाग! निळी, जांभळी, गुलाबी फुलं, चंदेरी पाणी उडवणारं चिमुकलं कारंजं, आणि मधोमध पिवळ्याधमक घोसांनी लगडलेला बहावा. त्याच्या फांदीवर एक परी पाय हलवत बसली होती. तिच्या पंखांतून सोनेरी भुकटी भुरभुरत होती.

"या गं पोरींनो," परी म्हणाली. "दोघींत मिळून एक इच्छा मागा. फक्त एवढं लक्षात ठेवा, या बागेत खोटं खोटं काही नसतं. इथं बोललेलं खरंच होतं."

आता इच्छा एक आणि पोरी दोन! काय होणार, ते तुम्हाला मी सांगायला हवं का?

"दार मागूया," सुगी म्हणाली.

"दार काय मागायचं? मोरपिशी घागरा मागूया! एक दिवस तू घाल, एक दिवस मी."

"तुझ्या घराला दार आहे ना, म्हणून सुचतोय घागरा!"

"आणि तुला मेलीला सारखं तुझंच पडलेलं असतं!"

सुगीच्या नाकाचा शेंडा लालेलाल झाला. तिनं करंगळी पुढे केली आणि ओरडली, "जा! कट्टी! जन्माची कट्टी!"

अगं वेडे, काय बोललीस हे! अंगणात दिवसभरात दहादा कट्टी घेतली तरी संध्याकाळी कुणाच्या लक्षात राहत नाही. पण ही बाग परीची होती.

कारंजं थांबलं. केतकीच्या चपला मातीत रुतल्या. पावलांना मुळं फुटली. घोट्यांवर खरखरीत साल चढू लागली.

"बट्टी! केतकी, बट्टी!" सुगीनं घाईघाईनं दोन बोटं पुढे केली. केतकीनंही हात उचलला. पण बट्टीला बोटं लागतात, आणि तिच्या बोटांची तर हिरवी पानं झाली होती.

"सुगी, मला भीती वाटतेय," ती म्हणाली. साल गुडघ्यांपर्यंत आली.

"परीताई, सोडव गं तिला!"

परीचा चेहरा उतरला. "इच्छा अजून शिल्लक आहे, बाळ. केतकी सुटेल. पण जन्माची कट्टी फुकट सुटत नाही. ती तुला पार विसरेल. तुमची मैत्री होती, हे तू तिला कधीच सांगायचं नाही. सांगितलंस, की ती पुन्हा झाड. लवकर बोल. साल गळ्याशी आली की माझ्याही हातात काही राहणार नाही."

दार गेलं तर जाऊ दे. पण केतकी गेली तर सुगीचं जगात होतं तरी कोण? तिच्याशी खेळणार कोण? साल छातीपर्यंत चढली. केतकीचे डोळे सुगीवरच होते.

"विसरू दे मला!" सुगी हमसून हमसून रडत म्हणाली. "पण तिला सोडव!"

कडाड! साल गळून पडली. चपला तेवढ्या मातीतच राहिल्या. केतकीनं सुगीकडे पाहिलं आणि ती दोन पावलं मागे सरली.

"तू कोण गं?"

"मी... इकडंच राहते. चल, घरी सोडते तुला."

"मी नाही येणार. मी ओळखत नाही तुला."

बहाव्याची फुलं एकेक करून विझत होती. "सगळी विझली की वाट बंद," परी सुगीच्या कानात कुजबुजली.

केतकीच्या मांजराचं नाव सुगीला ठाऊक होतं. तिच्या पाठीवरचा तीळही ठाऊक होता. एक शब्द बोलली असती तर केतकीचा विश्वास बसला असता, पण मग ती पुन्हा झाड झाली असती. सुगीनं ओठावर आलेला शब्द गिळला.

"बरं, माझ्याबरोबर नको येऊस. तू पुढे चाल, मी लांबून येते. चुकलीस तर नुसतं सांगेन." आणि तिनं आपल्या चपला काढून केतकीपुढे ठेवल्या. "या घाल. वाटेत काटे आहेत."

केतकी निघाली. मागून सुगी सांगायची, "डावीकडे. आता ओढ्याच्या कडेनं." करवंदीचे काटे तिच्या पायात कचाकच घुसत होते, पण तिनं हूं की चूं केलं नाही. केतकी दचकून भलतीकडेच पळाली असती तर?

ओढ्यापाशी केतकीनं वळून पाहिलं. वाटेवर लाल लाल ठिपके होते.

"अगं, रक्त! आणि तू बोलली नाहीस?"

"तू घाबरली असतीस."

केतकी दोन पावलं जवळ आली. मग हळूच म्हणाली, "आपण आधी कधी भेटलोय का गं?"

सुगीला वाटलं, हो म्हणावं, गळ्यात पडावं, सगळं सगळं सांगावं! तिनं ओठ गच्च मिटले. "चल," ती कशीबशी म्हणाली, "अंधार पडतोय."

केतकी जागची हलली नाही. खाली बसली, सुगीचा पाय मांडीवर घेतला आणि एकेक काटा काढला. मग आपल्या पायातली एक चप्पल तिच्या पायात घातली. "एक तुला, एक मला. धर माझा खांदा!"

आणि दोघी लंगडी घालत निघाल्या.

रान संपलं तिथं सोनेरी उजेड झाला. परी सुगीलाच तेवढी दिसली.

"आठवणी मी काढून घेतल्या होत्या," ती म्हणाली. "पण आत्ता तू तिच्या मनात शिरलीस ती तुझी तू. तिथून तुला मीसुद्धा काढू शकत नाही, बाळ." परी हसली, लखकन चमकली आणि उजेडात विरून गेली. तिच्या इवल्या इवल्या ठिणग्या गवतावर पडल्या आणि गावापर्यंतची वाट उजळून निघाली.

"तुझं नाव काय गं?" केतकीनं विचारलं.

"सुगी."

"सुगी, उद्या येशील माझ्याकडे खेळायला?"

सुगीला रडू फुटलं. तिनं इतक्या जोरात मान हलवली की दोघींचा तोल गेला आणि दोघी धपकन गवतात पडल्या. आणि तिथंच पडल्या पडल्या कितीतरी वेळ हसत राहिल्या.