सलोमीचा डबा

“मग देवानं माफ केलं, हे माणसाला कळतं तरी कशावरून?”

एस्तेरबाईंनी हे विचारलं ते भांडायला आल्यासारखं. चपलासुद्धा पायातच होत्या.

राहेलआत्या ओट्यावर ऊन खात बसल्या होत्या. चाळीस वर्षं गावोगाव पायी हिंडून बायकांना बायबलचं शास्त्र सांगितलेली ही म्हातारी. आता डोळ्यांना कमी दिसायचं, पण माणूस कसा चालत आला यावरून त्याचं दुखणं ओळखायची.

“आधी टेक,” आत्या म्हणाल्या. “नाताळ उद्यावर आला, आणि तू अशी तणतणत कुठं निघालीस?”

एस्तेरबाई बसल्या. मांडीवर स्टीलचा डबा होता, तो दोन्ही हातांनी धरलेला.

चर्चच्या मंडळीत एस्तेरबाईंचा मोठा दरारा. शास्त्राची पानंच्या पानं तोंडपाठ. कुणी प्रार्थनेत चुकलं, तर आमेन म्हणायच्या आत त्याला दुरुस्त करायच्या.

“मी करायचं काय बाकी ठेवलंय, आत्या? शुक्रवारचे उपास धरले. देवळाची फरशी गुडघे टेकून पुसली. रडले. आणखी काय पाहिजे त्याला?”

“एवढं तरी त्यानं मागितलं होतं का?”

एस्तेरबाईंनी मांडीवरचा डबा आत्यांकडे सरकवला.

“डब्यात काय आहे?”

“करंज्या. धाकटीनं पाठवल्यात, सलोमीनं. दुधाच्या गाडीवर आल्या. तुमच्यासाठीच आणल्यात, घ्या.”

“तुला नकोत?”

“मी नाही खात.”

का खात नाहीत, ते अख्ख्या गावाला ठाऊक होतं. दोघी बहिणींचं कशावरून तरी वाजलं होतं. त्यातच आईनं अंथरूण धरलं. ‘सलू आली का’, ‘सलू आली का’ म्हणून म्हातारी दाराकडे बघत राहिली, आणि एस्तेरबाईंनी तीन दिवस निरोप धाडला नाही. चौथ्या दिवशी सलोमी आली ती आईच्या मातीला. भांडली नाही. एक शब्द बोलली नाही. त्याच वर्षी नाताळात डबा आला. तेव्हापासून दर नाताळात येतोय. अकरा वर्षं.

“मग या करंज्यांचं तू करतेस काय?”

“वाटून टाकते. पण डबा नुसता परत धाडत नाही हां! अनारसे, लाडू, चकल्या, झाकण बसणार नाही इतकं भरते. फुकट ठेवून घेणारी नाही मी कुणाचं.”

“आणि उद्याचं प्रभुभोजन? देवळातली ती भाकर, तो द्राक्षरस?”

“तेही नाही घेत. अकरा वर्षं झाली. पाळकसाहेब विचारतात, मी सांगते पोट बिघडलंय.”

“दर वेळी पोटच कसं गं बिघडतं तुझं? एखाद्या वर्षी गुडघा दुखतो म्हणायचं.”

एस्तेरबाईंना हसू आलं नाही.

“आत्या... ती मला शिव्या का देत नाही? एकदा दारात येऊन चारचौघांत वाट्टेल ते बोलली असती, तर सुटले असते मी. भाकरी थापताना मी तिच्याशी बोलते... एकटीच. मोठ्यानं. कुणाला सांगू नका.”

आत्यांनी चाचपडत झाकण काढलं. एक करंजी उचलून नाकाशी नेली.

“तुझ्या आईसारखीच केलीय. खसखस जास्त.”

एस्तेरबाईंनी तोंड फिरवलं.

आत्यांनी ती करंजी त्यांच्यापुढं धरली. हात पुढंच...

हात भरून आला. तरी खाली येईना.

म्हातारीला किती वेळ ताटकळत ठेवणार? एस्तेरबाईंनी तोंड उघडलं.

पहिल्या घासाला ठसका लागला. दुसऱ्याला रडू फुटलं. मग रडतच खात राहिल्या. एक झाली, दोन झाल्या, चार झाल्या. सारण पदरावर सांडलं, नाकातोंडातून पाणी वाहायला लागलं. एवढं शास्त्र पाठ असलेली बाई, पण त्या घटकेला तिला एक वचन आठवलं नाही.

आत्यांनी थांबवलं नाही. उरलेल्या करंज्या ताटलीत काढून तिच्यापुढं सारल्या. डबा विसळला, पदरानं कोरडा केला आणि तिच्या हातात दिला.

“दुधाची गाडी चारला परत जाते. दे धाडून.”

“असाच? थांबा हो, घरी जाऊन अनारसे भरते. परातभर केलेत.”

“नको.”

“रिकामा डबा, आत्या? नाताळात? उघडून बघेल तर काय वाटेल तिला?”

आत्यांनी झाकण ठेवलं, तळव्यानं दाबून घट्ट बसवलं.

“ताईला भूक होती, असं वाटेल.”